घरी राहिलेल्या भावाची गोष्ट

घर सोडून गेलेल्या माणसाच्या गोष्टी जगात पुष्कळ आहेत. तो जातो, ठेचा खातो, शहाणा होतो आणि परत येतो. ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावतात. पण त्याच घरात एक माणूस असा असतो, की जो कोठेच गेलेला नसतो. गुरांना वैरण त्याने घातलेली असते, आईबापांची दुखणी त्याने काढलेली असतात, देणेकऱ्यांच्या तगाद्याला तोंड त्यानेच दिलेले असते. गेलेला परत आला म्हणजे सारे घर आनंदून जाते आणि या माणसाला मात्र काय करावे ते सुचत नाही. हसावे, तर आतून जळत असते. रागवावे, तर लोक म्हणतात, केवढे हे कोते मन! अशा माणसाला ख्रिस्ती धर्म काय सांगतो, ते मला समजले तसे येथे मांडणार आहे.

मी ख्रिस्ती कुटुंबातली आहे. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. येथे आल्यावर वर्गातल्या मैत्रिणींनी मला एकदा विचारले, "तुमच्यात म्हणे कोणी काहीही करावे, आणि मग क्षमा मागितली की सुटला! बरे आहे बाई तुमचे!" प्रश्न थट्टेतला होता, पण त्यात एक खरी शंका आहे. जो सुटला, त्याच्यामुळे ज्याचे नुकसान झाले त्याचे काय? त्याने निमूट बाजूला उभे राहायचे काय? ही शंका नवी नाही. बायबलमधील सर्वांत प्रसिद्ध दृष्टांतात ती घरच्याच माणसाच्या तोंडी घातलेली आहे.

हा दृष्टांत लूककृत शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायात आहे. आपल्याकडे त्याला 'उधळ्या पुत्राचा दृष्टांत' म्हणतात. एका माणसाला दोन मुलगे होते. धाकट्याने बाप जिवंत असतानाच आपला वाटा मागितला. तो घेऊन तो दूरदेशी गेला आणि सारा पैसा त्याने चैनीत उडवला. पुढे तेथे दुष्काळ पडला आणि त्याच्यावर डुकरे राखण्याची पाळी आली. यहुदी लोकांत डुक्कर अशुद्ध मानलेले. लेवीय या पुस्तकात तसा नियमच आहे. म्हणजे यापेक्षा खाली जायला जागा उरली नव्हती. डुकरांपुढे टाकलेल्या शेंगा खाव्यात असे त्याला वाटू लागले, तेव्हा तो भानावर आला. मुलगा म्हणवून घेण्याची आपली लायकी उरली नाही, निदान मजूर म्हणून तरी ठेवून घ्या, असे बापाला सांगायचे ठरवून तो निघाला. बापाने त्याला दुरून पाहिले, तो धावत गेला, त्याने त्याला मिठी मारली. मुलाचे ठरवलेले बोलणे पुरते होण्यापूर्वीच उत्तम झगा, अंगठी आणि पायतण आणण्याचा हुकूम सुटला. मेजवानीसाठी पुष्ट वासरू कापले गेले.

पुष्कळ लोक गोष्ट येथेच थांबवतात. चित्रांतही बहुधा येथवरचाच भाग असतो. परंतु येशूने ती येथे संपवलेली नाही. यानंतर थोरला भाऊ शेतातून घराकडे येतो. वाजंत्री आणि नाच ऐकून तो एका चाकराला विचारतो, हे काय चालले आहे? कारण कळल्यावर तो रागावतो आणि घरात पाऊल टाकायला तयार होत नाही.

हा राग समजून घ्यायचा असेल तर त्या काळचा वाटणीचा कायदा ध्यानात घेतला पाहिजे. अनुवाद या पुस्तकाच्या २१ व्या अध्यायात ज्येष्ठ पुत्राला दुप्पट वाटा सांगितला आहे. म्हणजे दोघेच भाऊ असले तर मिळकतीचे तीन हिस्से करायचे; दोन थोरल्याचे, एक धाकट्याचा. धाकट्याने आपला तिसरा हिस्सा नेऊन संपवला होता. आता घरात जे काही उरले होते ते हिशेबाने थोरल्याकडेच जायचे होते. कापलेले वासरूही त्यातलेच. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या कोणालाही हे फोड करून सांगावे लागणार नाही. त्याच अनुवादाच्या त्याच अध्यायात, आईबापांना न जुमानणाऱ्या उनाड मुलाला गावच्या वडीलधाऱ्यांपुढे नेऊन दगडमार करण्याची शिक्षाही लिहिलेली आहे. थोरल्याने तिची मागणी केलेली नाही. मला कधी एक करडूसुद्धा मिळाले नाही, एवढेच तो म्हणतो. या मानाने त्याचा राग फार मोठा नाही असेच म्हणावे लागेल.

मग त्याचे चुकते कोठे? माझ्या अल्पमतीप्रमाणे उत्तर त्याच्या बोलण्यातच आहे. धाकटा चुकला तरी बापाला 'बाबा' अशी हाक मारतो. थोरल्याच्या बोलण्यात ती हाक नाही. इतकी वर्षे मी गुलामासारखा राबतो आहे, अशी त्याची सुरुवात आहे. भावाला तो भाऊ म्हणत नाही. 'हा तुमचा मुलगा' म्हणतो. भावाने वेश्यांपायी पैसा घालवला असेही तो सांगतो. गोष्टीत त्यापूर्वी तसे कोठे आलेले नाही आणि तो तर घरीच होता! राग आला म्हणजे माणूस दुसऱ्याच्या खऱ्या दोषांत आपल्या कल्पनेची भर घालतो, हे येशूने किती नेमके टिपले आहे.

आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. धाकटा परत येताना मजूर होण्याच्या तयारीने येतो. थोरला तर घरात राहूनच मनाने मजूर झाला आहे. इतकी वर्षे राबलो, मजुरी काय मिळाली, हा त्याचा हिशेब. दोघेही भाऊ बापाला धनी समजतात; एक मजुरी गमावलेला, दुसरा मजुरी थकलेला. बापाला मात्र दोघेही मुलगे म्हणून हवे आहेत. म्हणून तो जसा धाकट्यासाठी रस्त्यापर्यंत धावला, तसाच थोरल्यासाठीही मेजवानी सोडून बाहेर आला. त्या दिवशी बाप घरातून दोनदा बाहेर आला, हे वाचणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही.

बाहेर येऊन तो काय बोलतो? तूही पापीच आहेस, असे तो थोरल्याला सुनावत नाही. तू राबला नाहीस असे म्हणत नाही. 'बाळा' अशी हाक मारून तो दोन गोष्टी सांगतो. एक, तू सदैव माझ्याजवळ आहेस. दुसरी, माझे जे आहे ते सारे तुझेच आहे. या दुसऱ्या वाक्याकडे माझ्या मैत्रिणींनी लक्ष द्यावे. धाकट्याला झगा मिळाला, अंगठी मिळाली, पंगतीत जागा मिळाली. पण वाटणी पुन्हा केली गेली नाही. स्वागत झाले म्हणून थोरल्याचा हक्क बुडाला नाही. त्यानंतर बाप हळूच एक शब्द बदलतो. थोरला 'तुमचा मुलगा' म्हणाला होता. बाप 'हा तुझा भाऊ' म्हणतो. सारा उपदेश एवढाच.

थोरला मग आत गेला का? शुभवर्तमानात ते लिहिलेले नाही. गोष्ट अंगणातच संपते. हा दृष्टांत कोणाला सांगितला होता ते पाहिले म्हणजे याचे कारण कळते. जकातदार आणि पापी म्हणून हिणवलेले लोक येशूजवळ येत, तो त्यांच्या पंगतीला बसे. यावर परूशी आणि शास्त्री कुरकुर करत होते. ही मंडळी नियमाने वागणारी, कष्टाने धर्म पाळणारी होती. थोरला भाऊ म्हणजे तेच. आत जायचे की नाही हे त्यांनी ठरवायचे होते, म्हणून गोष्टीचा शेवट त्यांच्यावर सोडला.

येशूच्या श्रोत्यांना दुसऱ्या एका थोरल्या भावाची गोष्टही ठाऊक होती. ती जुन्या करारातील उत्पत्ति या पहिल्या पुस्तकात आहे. इसहाकाचे जुळे मुलगे एसाव आणि याकोब. एसाव थोरला. धाकट्या याकोबाने भुकेल्या भावाला डाळीची आमटी देऊन त्याचा ज्येष्ठपणाचा हक्क विकत घेतला. पुढे हातांवर करडांची कातडी बांधून, मी एसावच आहे असे भासवून, त्याने आंधळ्या बापाचा आशीर्वादही लुबाडला. एसावाने त्याला ठार मारण्याचा निश्चय केला, तेव्हा याकोब मामाकडे पळाला. तेथे त्याने २० वर्षे काढली. परत येताना भाऊ ४०० माणसे घेऊन सामोरा येतो आहे असे त्याला कळले. तो घाबरला आणि त्याने भेट म्हणून जनावरांचे कळप पुढे पाठवले. शेळ्या, मेंढ्या, उंटिणी, गाई, गाढवे धरून त्यांची बेरीज ५५० होते. उंटिणींची पिले वेगळीच! मग सात वेळा जमिनीपर्यंत लवून तो भावापुढे गेला. आणि एसाव? तो धावत आला, गळ्यात पडला, त्याने भावाचे चुंबन घेतले आणि दोघेही रडले.

उधळ्या मुलाचा बाप नेमके हेच करतो. धावतो, गळ्यात पडतो, चुंबन घेतो. म्हणजे बापाचे हे वागणे शास्त्री-परूशांना अगदी अनोळखी वाटण्याचे कारण नव्हते. त्यांच्याच ग्रंथात, फसवला गेलेला एक थोरला भाऊ असा धावला होता. थोरल्याला हे जमणार नाही असे कोणाला म्हणता येऊ नये!

एसावाच्या गोष्टीचा शेवट मला फार शहाणपणाचा वाटतो. भेट झाल्यावर एसाव म्हणतो, चल, बरोबर जाऊ. याकोब सबब सांगून मागे राहतो. एक सेईरकडे जातो, दुसरा सुक्कोथला. पुढे बाप वारला तेव्हा दोघांनी मिळून त्याला मूठमाती दिली. भाऊबंदकी मिटली म्हणजे चूल एकच झाली पाहिजे असे नाही. मन मोकळे झाले, बापाच्या मातीला दोघे एकत्र उभे राहिले, हेही समेटच.

आता पश्चात्ताप खरा की खोटा, हे ओळखायचे कसे? उत्पत्तीतील योसेफाची गोष्ट त्यासाठी वाचावी. मत्सरापोटी त्याच्या भावांनी त्याला चांदीच्या २० नाण्यांना विकले. तेव्हा तो १७ वर्षांचा होता आणि विकण्याची कल्पना यहूदा या भावाची होती. पुढे योसेफ मिसर देशात राजाच्या खालोखाल अधिकारी झाला. सुकाळाची ७ वर्षे गेली, दुष्काळाची २ वर्षे सरली, तेव्हा भाऊ त्याच्याकडे धान्य मागायला आलेले दिसतात. वयांची बेरीज केली तर मध्ये सुमारे २२ वर्षे गेली होती. योसेफाने त्यांना एकदम गळ्याशी धरले नाही. त्याने ओळख लपवली, धाकट्या बन्यामिनाच्या गोणीत चांदीचा प्याला ठेवून त्याच्यावर चोरीचा आळ आणला आणि भाऊ काय करतात ते पाहिले. वीस नाण्यांसाठी एका भावाला विकणारा यहूदा या वेळी पुढे आला. याला सोडा, याच्या जागी मी गुलाम होतो, असे तो म्हणाला. ते ऐकल्यावर मात्र योसेफाला आपले रडू आवरेना. पूर्वी जेथे माणूस घसरला, त्याच जागी पुन्हा आला आणि या वेळी वेगळा वागला, की पश्चात्ताप खरा समजावा.

लुबाडलेले परत करण्याची गोष्टही शुभवर्तमानात आहे. जक्कय नावाचा जकातदार येशूला भेटल्यावर अर्धी मिळकत गरिबांना देईन म्हणतो आणि ज्याला फसवले असेल त्याला चौपट परत करण्याचे कबूल करतो. येशूने शिष्यांना शिकवले तेही असेच आहे. भाऊ चुकला तर आधी त्याला त्याची चूक दाखवा. तो पश्चात्ताप करील तर क्षमा करा. दिवसातून सात वेळा चुकून सात वेळा आला तरी करा. यातला 'चूक दाखवा' हा भाग लोक विसरतात. घरातले कोणी मारहाण करणारे असेल, व्यसनाने घर विकायला निघालेले असेल, तर क्षमा केली म्हणून पेटीची किल्ली त्याच्या हाती द्या असे कोठेही सांगितलेले नाही. क्षमा आपल्या हातात असते. विश्वास दोघांनी मिळून पुन्हा उभा करायचा असतो आणि त्याला दिवस लागतात.

पेत्राने एकदा विचारले, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? उत्तर आले, सातावर थांबू नकोस, सत्तर वेळा सात. त्यावर येशूने एका चाकराचा दृष्टांत सांगितला. त्याला राजाचे दहा हजार तालांतांचे देणे होते. राजाने ते माफ केले. बाहेर पडताच त्याने आपल्या सोबत्याला शंभर दिनारांसाठी गळा धरून तुरुंगात घातले. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दिनार. हिशेब केला तर माफ झालेले देणे ६ कोटी दिनार होते आणि ज्याच्यासाठी गळा धरला ते १०० दिनार. सहा लाखांस एक. तरीही शंभर दिनार म्हणजे शंभर दिवसांची मजुरी होते, हे विसरू नये. भावाने केलेले नुकसान क्षुल्लक आहे असे येशू म्हणत नाही. तुला काय मिळालेले आहे तेही तागडीत घाल, असे त्याचे सांगणे आहे.

हा प्रश्न केवळ घरांपुरता राहिला नाही. इ.स. २५० मध्ये रोमचा बादशहा डेसियस याने देवांना बळी अर्पण करण्याचा हुकूम साऱ्या साम्राज्यात काढला आणि तसे केल्याचे दाखले देण्याची व्यवस्था केली. काही ख्रिस्ती लोक तुरुंगात गेले, काहींनी प्राण दिले. पुष्कळांनी मात्र भीतीने बळी अर्पिले किंवा पैसे चारून दाखला मिळवला. पुढच्याच वर्षी डेसियस लढाईत मारला गेला, छळ थांबला आणि हे सारे लोक रडत परत आले. मंडळीपुढे थोरल्या भावाचाच प्रश्न उभा राहिला. ज्यांची माणसे मेली, त्यांनी यांना पंगतीला कसे घ्यावे? रोममध्ये नोव्हेशियन म्हणाला, मुळीच घेऊ नये. उलट तुरुंगात हाल सोसलेल्यांपैकीच काही जण पतितांना घाईने क्षमापत्रे लिहून देऊ लागले. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने मधली वाट धरली. इ.स. २५१ च्या सभेत असे ठरले, की नुसता दाखला घेतलेल्यांचा विचार एकेकाची हकीकत पाहून करावा. प्रत्यक्ष बळी अर्पिलेल्यांनी दीर्घ प्रायश्चित्त घ्यावे, पण मरणसमयी त्यांना दूर लोटू नये. पुढे पुन्हा छळाची चिन्हे दिसू लागली, तेव्हा प्रायश्चित्त करत असलेल्या सर्वांना आत घेण्यात आले. खुद्द सिप्रियनचा शिरच्छेद इ.स. २५८ मध्ये झाला. म्हणजे ही मवाळी भेकडाची नव्हती.

त्याआधी टर्टुलियन या कार्थेजच्याच लेखकाने तर उधळ्या पुत्राचा दृष्टांत पतित ख्रिस्ती माणसाला लागूच पडत नाही, असा वाद घातला होता. पूर्वी त्यानेच तो पश्चात्ताप करणाऱ्यांना धीर देण्यासाठी वापरला होता! मोठमोठ्या विद्वानांनाही अंगणातून घरात जाणे किती जड गेले, ते यावरून दिसते.

रेम्ब्रांट या डच चित्रकाराने आयुष्याच्या अखेरीस, १६६८ च्या सुमारास, हा प्रसंग रंगवला. ते चित्र रशियात सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटेज संग्रहालयात आहे. मी त्याची छापील प्रत पाहिली आहे. आंधळ्यासारखा दिसणारा म्हातारा बाप, त्याच्या छातीशी डोके टेकलेला, पायतण झिजलेला मुलगा. आणि उजवीकडे तांबडा झगा घालून, हातावर हात ठेवून उभा असलेला एक ताठ माणूस. पुष्कळ जाणकार त्यालाच थोरला भाऊ समजतात. शुभवर्तमानात तो त्या वेळी शेतात होता, पण चित्रकाराला तो तेथे हवा होता. हेन्री नोवेन या डच धर्मगुरूने या चित्रावर १९९२ मध्ये एक पुस्तक लिहिले. तो स्वतःला धाकटा मुलगा समजत होता. एका मित्राने त्याला म्हटले, तू खरे तर थोरल्यासारखा तर नाहीस? नोवेन आपल्या घरातला सर्वांत थोरला मुलगा होता. त्या प्रश्नाने तो हादरून गेला, असे त्याने लिहिले आहे.

हे सारे मला एवढ्या जिव्हाळ्याचे का वाटते ते थोडक्यात सांगते. माझ्या आजोबांची सहा एकर जमीन. दोन मुलांत तीन-तीन एकर वाटली. काकांनी आपली तीन एकर विकली आणि ते शहरात निघून गेले. सात वर्षे त्यांचा पत्ता नव्हता म्हटले तरी चालेल. आजोबांचे दुखणे, दवाखान्याचे कर्ज, शेवटची माती, सारे माझ्या वडिलांनी एकट्याने केले. नंतर एके दिवशी काका एक पिशवी घेऊन दारात उभे राहिले. आजीने ताट वाढले. वडील भाकरी न खाता शेतावर गेले आणि चार रात्री विहिरीजवळच्या छपरात झोपले. आजीशी बोलताना ते 'तुझा लेक' म्हणत. भावाचे नाव घेत नसत.

पाळकसाहेब शेतावर त्यांना भेटायला गेले. मी भाकरी घेऊन गेले होते म्हणून ते बोलणे माझ्या कानी पडले. त्यांनी उपदेश केला नाही. "पोटात काय खुपतंय तेवढं सांग," म्हणाले. वडील म्हणाले, "जमिनीचं जाऊ द्या. बाप रोज दाराकडं बघायचा. त्याचं काय?" पाळकसाहेब म्हणाले, "हे त्याला सांगितलंस का?" त्या रात्री वडिलांनी काकांना ते सांगितले. काका ऐकून घेत राहिले, एक शब्द उलट बोलले नाहीत. पुढे ठरले ते असे, की जमीन वडिलांच्या नावावरच राहील, काका आमच्यात राहतील, शेतात राबतील आणि दवाखान्याच्या कर्जाचा अर्धा भाग फेडतील. दोन वर्षे झाली, ते फेडत आहेत. 'माझा भाऊ' असे शब्द वडिलांच्या तोंडून मी अजून ऐकलेले नाहीत. पण पेरणीची वेळ आली की ते आता म्हणतात, "धाकट्याला विचारा." पूर्वीचे 'तुझा लेक' गेले. आजी त्यावर काही बोलत नाही, पण तिला ते ऐकू येते.

यावरून मला वाटते, की पश्चात्तापी माणसाचे स्वागत म्हणजे राग गिळून टाकणे नव्हे. गिळलेला राग पोटात कुजतो. योग्य माणसाजवळ, खऱ्या शब्दांत तो बोलून दाखवावा लागतो. थोरल्याने बापाजवळ तेच केले आणि बापाने ते ऐकून घेतले. मग हक्काची गोष्ट आणि नात्याची गोष्ट वेगळी करावी लागते. जमीन कोणाची, कर्ज कोणाचे, हे स्पष्ट असावे. त्यात अंधार ठेवून केलेला समेट टिकत नाही. पण हक्क शाबूत आहे हे दिसल्यावरही जर आपण अंगणात उभे राहिलो, तर तेथे आपल्याला नुकसानीने अडवलेले नसते. आपल्याला दुसऱ्याचे पडलेले तोंड पाहायचे असते. त्या ठिकाणी ख्रिस्ती धर्म थोरल्याचा हात धरतो.

शिक्षा पुरे झाल्यावर काय करावे, हेही पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात सांगितले आहे. मंडळीने एका माणसाला शिक्षा केली होती. पौल लिहितो, की आता त्याला क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल. परत आलेल्या माणसाला जन्मभर मान खाली घालून जगायला लावणे हीदेखील एक हिंसाच आहे. आपल्याकडे म्हणतात, काठी मारली म्हणून पाणी तुटत नाही. खरे आहे, पण पाण्यात काठी धरूनच उभे राहिले तर दोन धारा जुळणार कशा?

म्हणून माझ्या मैत्रिणींना माझे उत्तर असे आहे. आमच्यात क्षमा मागितली की माणूस सुटतो, हे अर्धेच खरे. सुटल्यावर त्याला घरात राहायचे असते, फेडायचे असते आणि वेगळे वागून दाखवायचे असते. घरी राहिलेल्यालाही काम असते, आणि ते माझ्या मते जास्त कठीण आहे. धाकट्याला उपाशी पोटाने घरी आणले. थोरल्याचे पोट भरलेले असते. त्याला आत नेणारी भूक नसते. त्याला केवळ बापाचा शब्द ऐकून उंबरा ओलांडायचा असतो. तो ओलांडल्यावर त्याला कळेल, की आतल्या पंगतीत त्याचीही जागा सकाळपासून रिकामी ठेवलेली होती.